टाइम मशीनची तारीख, फ्लॉरेन्सचं घड्याळ

प्रश्न: माझ्या विज्ञानकथेची नायिका पंचवटीतून थेट 10 फेब्रुवारी 1492 च्या फ्लॉरेन्समध्ये उतरते. तारीख-वेळेत काय सांभाळू? – एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी यंत्राची दिनदर्शिका ठरवा. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तारीख भरलीत, तर तिथे ज्युलियन, म्हणजे तेव्हा तिथे चालणाऱ्या जुन्या दिनदर्शिकेची, 1 फेब्रुवारी असेल. तेव्हा फरक 9 दिवसांचा होता. शिवाय तिथलं वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून त्या दिवशीच्या दस्तऐवजावर 1491 हवं.

घड्याळाचा प्रसंग मात्र जरूर घ्या, फार देखणी गोष्ट आहे. कॅथेड्रलमधली, चित्रकार उच्चेल्लोने 1443 मध्ये रंगवलेली तबकडी 24 तासांची. काटा एकच आणि तोही उलटा फिरणारा. मोजणी सूर्यास्तापासून. साडेपाचला दिवस मावळला, तर तिसरा तास म्हणजे रात्रीचे साडेआठ.

ताटात टोमॅटो, मिरची नको. ही पिकं अमेरिकेतली, आणि तिकडे पोचलेला कोलंबस निघाला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.