साध्या बी.एड.वर कोल्हापुरात स्पेशल टीचर होता येतं का?

नाही, साध्या बी.एड.वर कोल्हापुरात काय, कुठंच रीतसर स्पेशल टीचर, म्हणजे दिव्यांग मुलांचा शिक्षक, होता येत नाही, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला कोर्स करून तिथं नाव रजिस्टर करावं लागतं, 1992 च्या कायद्यातच तसं आहे. मी याच लाइनीत आहे म्हणून सांगतो. रस्ते दोन:

- बारावीनंतर डी.एड. स्पेशल, 2 वर्षं
- ग्रॅज्युएशननंतर बी.एड. स्पेशल, तेही 2 वर्षं. तुमचं बीए वगैरे झालं असेल तर हेच बघा

अ‍ॅडमिशनलाच कर्णबधिर, दृष्टिहीन, बौद्धिक अक्षमता असा एक विषय धरायला लागतो, आणि तो नंतर सहज बदलत नाही, म्हणून फॉर्म भरायच्या आधी शेंडा पार्कातल्या चेतनासारख्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत परवानगी काढून थोडे दिवस बसून या. शर्टाचं बटण लावणं हाच तिथं महिनाभराचा धडा असू शकतो, बाईंनी बटण काजात अर्धं घालून द्यायचं आणि पोरानं नुसतं ओढायचं, मग हळूहळू त्याच्या आधीची एकेक पायरीही पोरावर सोडायची. ते बघून कंटाळा आला तर नादच सोडा. फक्त एक, नेहमीच्या शाळेत तुमच्या वर्गात अशी मुलं असली तर त्यांना शिकवायला साधं बी.एड. चालतं, अट आहे ती स्पेशल टीचरच्या पोस्टसाठी.