लाकडी गिअरचं घड्याळ बनवायला सागवान घ्यावं की प्लायवूड? लेझर कटिंगशिवाय दाते जमतात का?

प्लायवूड. चाकांसाठी 6 मिमी बर्च प्लाय घ्या आणि कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

माझे थोरले मामा उत्तम सुतारकाम करतात. मी केलेलं घड्याळ भिंतीवर व्यवस्थित चालू होतं. त्यांनी चाकाच्या कडेला प्लायचे थर पाहिले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "हे लाकूड नव्हे. खरं चाक अखंड फळीतून निघतं." मग त्यांनी सागवानाच्या एकाच फळीतून मोठं चाक कापलं. देखणं होतं, काम अतिशय सुबक. हवा दमट झाली आणि चाक अडकायला लागलं. लाकूड रेषेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, आडवं फुगतं, रेषेच्या दिशेने जवळपास नाहीच, त्यामुळे गोल चाक लंबगोल होतं. एकीकडे दाते रुतून बसतात, पाव फेरा पुढे गेलं की सैल. शिवाय अशा चाकात दोन बाजूंना रेषा दात्याला आडवी जाते आणि तिथले दाते मुळापासून तुटतात. मामांचेही तुटले. त्यांनी दोष हवेला दिला, फळीला नाही.

समुद्रावर रेखांश काढता येईल असं घड्याळ करणारा जॉन हॅरिसन मूळचा सुतार. त्याच्या 1713 च्या घड्याळाची चाकं ओकची आहेत, पण दाते एका फळीत कोरलेले नाहीत. ते तुकड्या-तुकड्यांनी कडेत बसवलेत आणि प्रत्येक तुकड्याची रेषा केंद्राकडून बाहेर जाते. म्हणजे अखंड फळीचा हट्ट तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या सुतारानेही धरला नव्हता. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवा-उभा असतो, म्हणून चाक सगळीकडे सारखं राहतं. मामा, हे वाचत असाल तर एवढं मान्य करा.

लेझर नसला तरी चालतं. आराखड्याचा कागद चिकटवून स्क्रोल सॉने (बारीक पात्याची नक्षी कापायची करवत) कापा, दाते पॉलिश पेपरने सारखे करा. दात्यांपेक्षा आसाची भोकं जास्त त्रास देतात. ती ड्रिल प्रेसवरच (स्टँडवर सरळ उभं बसवलेलं ड्रिल) पाडा, तिरकं भोक नंतर सुधारत नाही. आकडे हवे असतील तर एस्केप चाकाला (लंबकाच्या झोक्यांबरोबर एकेक दात पुढे सरकणारं चाक) 30 दाते, 99.4 सेंमीचा लंबक आणि मिनिटकाट्यापर्यंत 60/8 व 64/8 च्या जोड्या (आधी मोठ्या चाकाचे दाते, मग छोट्याचे). तासकाट्यासाठी 30/10 आणि 32/8. दात्यांना तेल लावू नका, लाकूड ते पिऊन फुगतं. ग्रॅफाइटची पूड पुरते.

आता प्लाय कुठे नको, तेही सांगतो. 8 दात्यांचं पिनियन, म्हणजे जोडीतलं छोटं चाक, प्लायमध्ये टिकत नाही, थर सुटतात. दोन चकत्यांमध्ये स्टीलच्या बारीक सळ्या बसवून करा. लंबकाची दांडी मात्र सरळ रेषेच्या अखंड लाकडाचीच हवी, इथे मामांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. लंबक 1 मिमीने लांबला तर घड्याळ दिवसाला साधारण 43 सेकंद मागे पडतं, आणि रेषेच्या दिशेने लाकूड फारसं हलत नाही. स्वस्त प्लायच्या आत पोकळ्या असतात. दात्याच्या मुळाशी अशी पोकळी निघाली तर लांबी (पुट्टी) भरून भागवू नका, ते चाक पुन्हा कापा.