मिझराही (अरब आणि आसपासच्या देशांतून इस्रायलला आलेल्या ज्यूंच्या) संगीतातला गायक झोहर अर्गोव इस्रायलमध्ये एवढा लोकप्रिय कशामुळे झाला?

गळ्यामुळे. बाकीची कारणं त्यानंतर.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ही गाणी ‘लग्नात वाजवायच्या लायकीची, अरबी चालींवर हिब्रू शब्द बसवलेली’ वाटतात. आमच्या घरात मी हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय, म्हणून उत्तर लिहितोय.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे रेवदंड्याचे. मी वाढलो इस्रायलमधल्या लोद गावात. एका बाजूला मोरोक्कोचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला येमेनचं. अर्गोवही येमेनी घरातलाच, १९५५ साली रिशोन लेझियनला जन्मलेला. १९८२ च्या मिझराही गीत महोत्सवात त्यानं अविहू मेदिना यांचं ‘हापेराख बेगानी’ गायलं आणि पहिला आला. मिझराही गाण्यांसाठी निराळा महोत्सव भरवावा लागत होता, यातच सगळं आलं. रेडिओवरही त्यांना ठरावीक वेळेचा तुकडा मिळायचा. खरा बाजार होता तो तेल अवीवच्या जुन्या मध्यवर्ती बसस्थानकाभोवतीच्या कॅसेटच्या टपऱ्यांवर. म्हणून नाक मुरडणारे या गाण्यांना ‘बसस्टँडची गाणी’ म्हणायचे.

पुढच्याच वर्षी माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. मेंदीच्या दिवशी शेजारच्या येमेनी मुलानं टेपरेकॉर्डर आणला आणि अर्गोवची कॅसेट लावली. दादा तडक उठून ती बंद करायला गेला. तो तेव्हा नुकताच सरकारी नोकरीला लागला होता, त्याचे साहेब येणार होते. ‘बसस्टँडची गाणी माझ्या बहिणीच्या मेंदीत नकोत. आपण हिंदी लोक आहोत, मोरोक्कन नाही.’ त्याला किबुत्झमधली, म्हणजे तिथल्या सामुदायिक शेतवस्त्यांमधली, अकॉर्डियनची गाणी हवी होती. मी त्याचा हात धरला. स्वयंपाकघरात आत्या मलिद्याचे पोहे भिजवत होत्या, त्या ओरडल्या, ‘अरे, आज तरी भांडू नका!’

बाबा कोपऱ्यात बसले होते. अलिबागकडे असताना ते मराठीतून कीर्तनं करायचे, मोझेसच्या, योसेफाच्या कथा लावायचे. त्यांचा कान नाट्यसंगीतावर तयार झालेला. त्यांनी हात वर करून दोघांनाही गप्प केलं. गाणं ध्रुवपदाशी पोचेपर्यंत ते डोळे मिटून होते, मग त्यांची मान डोलली. ‘गळा इतका फिरतोय, पण सूर कुठे सुटत नाही. कोणाकडे शिकला हा? परत लाव.’

तीन वेळा लावलं. दादाचे साहेब आले तेव्हा तेच वाजत होतं.

रात्री दादा बाबांना म्हणाला, ‘तुम्हाला हिब्रू नीट कळत नाही, म्हणून आवडलं.’ बाबा काही बोलले नाहीत. मला ते वाक्य आजही माफ करता येत नाही. त्या गाण्याचे शब्द साधे आहेत, प्रेयसीला फूल म्हटलंय, बस्स. ते शब्दांसाठी कोण ऐकतं? ज्याला आपण मुरकी, हरकत म्हणतो त्याला इथे ‘सिलसुल’ म्हणतात. सूर नुसता लागत नाही, तो थरथरत, दाणेदार होत खाली उतरतो. येमेनी सिनेगॉगमधली प्रार्थना, अरबी मकाम (आपल्या रागांसारखे), तुर्की ढंग, साठच्या दशकात आरिस सान या ग्रीक गायकानं बुझुकी या ग्रीक तंतुवाद्यासारखी वाजवून लोकप्रिय केलेली इलेक्ट्रिक गिटार, आणि खाली ड्रम. ज्यांना शाळेत सांगितलं जायचं की आजोबांची गाणी विसरा, त्यांना ती हिब्रूतून परत मिळाली. लोकप्रियतेचं दुसरं कारण हे.

आणि ‘आपण मोरोक्कन नाही’ याबद्दल. घरं त्याच वसाहतींत मिळाली, कामं त्याच कारखान्यांत. आमचं ज्यूपण लग्नासाठी खरं धरायचं की नाही यावरही वाद झाला, १९६४ साली क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, ठराव करेपर्यंत. मग गाणी तेवढी परकी कशी?

अर्गोवला मी संत मानत नाही, हे सांगितलं पाहिजे. हेरॉइननं त्याची वाट लावली. बलात्काराच्या गुन्ह्यात तो तरुणपणीच तुरुंगात जाऊन आला होता आणि १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये तशाच आरोपाखाली अटकेत असताना त्यानं कोठडीत गळफास घेतला. त्याच्या नावानं गहिवरणारे हे गाळून सांगतात, ते मला पटत नाही. शिवाय आजचं सगळंच मिझराही चांगलं नाही. एयाल गोलान, ओमेर आदम यांना आता कोणी कोपऱ्यात बसवत नाही, ते मुख्य प्रवाहच झालेत, पण पुष्कळशी गाणी एका साच्यातली आहेत.

तेव्हा सुरुवात जुन्यापासून करा. अर्गोव, मग मार्गालित झनआनी, मग झेहावा बेननं गायलेली, इजिप्तची गायिका उम्म कुलसूमची अरबी गाणी. लॅपटॉपच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. आणि कोणी दर्जाबद्दल बोललं तर सांगा की मेदिना यांना २०२२ मध्ये इस्रायल पुरस्कार मिळाला, देशाचा सर्वोच्च सन्मान. दादा म्हणतो तो राजकारणातून मिळाला. मग १९८३ मध्ये बाबांची मान डोलली ती कुठल्या राजकारणातून?