क्वाडचा फिल्टर बदलला, आता कितीचा जेट टाकू?

तुम्ही लिहिलंय की ११० सीसी क्वाडचा (चार जाड चाकांच्या मोटरसायकलसारख्या गाडीचा) हवेच्या फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला, आणि आता अर्ध्यापर्यंत बरी चालते पण अंगठा (म्हणजे अंगठ्याने दाबायचा अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण दाबला की गाडी गुदमरते. बहुधा लीन झाली आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. खात्री करायची तर गुदमरत असतानाच चोक किंचित ओढा. क्षणभर सुधारली तर लीनच. जास्त बिघडली तर मात्र रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त, मग जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) वाढवू नका.

कारण साधं आहे. डब्याचं तोंड अरुंद, त्यामुळे इंजिनाला हवा जोर लावून ओढावी लागते, आणि त्या ओढीवरच जेटमधून पेट्रोल वर चढतं. डबा गेला, ओढ कमी झाली, म्हणून पेट्रोलही कमी.

जेट विकत घेण्याआधी इंजिन आयडलवर ठेवून कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या जोडावर थोडा कार्ब क्लीनर मारा (इंजिन गार असताना, सायलेन्सरपासून लांब). आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. दहा रुपयांचा ओ-रिंग गेलेला असतो आणि माणूस जेट बदलत बसतो. मीही बसलो आहे.

जोड ठीक असेल तर जुना मेन जेट काढून आकडा वाचा. पीझेड १९ जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये ७५ म्हणजे साधारण ०.७५ मिलिमीटरचं भोक. ७५ वरून ८० ला गेलात की भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ १४ टक्क्यांनी वाढतं, म्हणून एका वेळी एकच पायरी चढा. आणि गॅरेजवाला जुन्याच जेटमध्ये तार घालून भोक मोठं करायला निघाला तर हात धरा. ते भोक परत कोणत्याच आकड्याचं राहत नाही.

नवा प्लग लावून मोकळ्या जागेत मिनिटभर पूर्ण अंगठ्यावर पळवा, तसाच दाबलेला असताना किल स्विच मारा आणि प्लग काढून बघा. चिनी मातीचा भाग बिस्किटासारखा तपकिरी हवा. पांढराफटक असेल तर आणखी एक पायरी वर, काजळी असेल तर खाली. मेन जेटचं राज्य पाऊण अंगठ्याच्या पुढे. मधल्या भागात अडखळली तर कार्ब्युरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. नुसत्या आयडलचा त्रास असेल तर पायलट जेट (आयडलचा छोटा जेट) आणि मिश्रणाचा स्क्रू बघा.

अमेरिकेतल्या व्हिडिओत सांगितलेला आकडा डोळे मिटून टाकू नका. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तिकडे बहुतेक ठिकाणी १० टक्क्यांचं. इथेनॉलसोबत ऑक्सिजन येतो, त्यामुळे त्याच जेटवर आपली गाडी जास्त लीन चालते. उंचीचंही तसंच. पाचगणीला, १,३०० मीटरवर, बसवलेलं सेटिंग किनाऱ्यावर आणलं की हवा दाट होऊन गाडी लीन होते, आणि लीन गाडी पूर्ण अंगठ्यावर रेटली तर पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. उलट दिशेने फक्त धूर आणि पेट्रोलचा खर्च.

आता न विचारलेलं सांगतो. मी समुद्रकिनाऱ्यावर चार क्वाड सांभाळतो. एकीवर हौसेने असाच कोन लावला, जेटिंगही सुंदर जमलं, पण बारीक पुळण आत गेली आणि एका हंगामात रिंगा आणि बोअर गेले. आता चारही गाड्यांवर डबाच आहे. आतला फोम रॉकेलने धुतो, मग साबणाच्या पाण्याने, पूर्ण वाळला की तेलात बुडवून घट्ट पिळतो. पिकअपसाठी पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान केलं. टॉप स्पीड थोडा गेला, पण वाळूत गाडी आता ओढते. तुमची गाडी कुठे चालते, माती की वाळू, ते सांगा. आणि प्लगचा रंगही.