लॉनची कड कापायला ब्रश कटर घेऊ की साधं हातअवजार?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात शाहूपुरीकडे बंगल्यापुढं आठशे चौरस फूट लॉन आहे, गवत फरशीवर आणि गुलाबाच्या वाफ्यात घुसतंय, आणि दुकानदार पेट्रोलचा ब्रश कटर गळ्यात मारतोय. मी सांगलीत विश्रामबागला राहते. पाच वर्षांपूर्वी मीही तो घेतला होता. सध्या तो जिन्याखाली आहे.

दुकानदार सांगत नाही ती गोष्ट अशी, की कड छाटणं आणि कड तोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. ब्रश कटरची गरगर फिरणारी नायलॉन दोरी वर लोंबणारं गवत उडवते. दाढी केल्यासारखं दिसतं खरं, पण आठ दिवसांत पुन्हा खुंट. तुमचं लॉन ‘सिलेक्शन वन’ असेल तर ते हरळीच्याच कुळातलं. त्याचे धावरे, म्हणजे सरपटणारी खोडं, वरून पळतात आणि काशा, म्हणजे जमिनीतली खोडं, मातीखालून. त्या काशांना दोरी शिवतसुद्धा नाही. आमचे भाऊजी ऊसवाले. लॉन घातलं तेव्हा बघून म्हणाले, “वहिनी, काशा वेचता वेचता आमची कंबर गेली आणि तुम्ही पैसे मोजून हरळी लावली?”

म्हणून आधी घ्यायचं ते अर्धचंद्राकृती पातं, उभ्यानं पायानं दाबायचं. ऑनलाइन मिळतं, मीही मागवलं होतं. पण आमच्या काळ्या मातीत महिन्याभरात त्याचं मानेपाशी वेल्डिंग सुटलं. मग भाऊजींच्याकडची डिस्क हॅरोची झिजलेली डिस्क घेतली आणि वेल्डिंगवाल्याकडून अर्धचंद्राच्या आकारात कापून, गरम करून सपाट करून घेतली. रुंदी नऊ इंच. मागं पाइपची खोळ, त्यात बाभळीचा दांडा, माझ्या कमरेच्या वर चार बोटं. वरच्या सरळ काठावर पाय ठेवायला आडवी सळई मात्र न विसरता वेल्ड करून घ्या. माझ्या पहिल्या पात्याला ती नव्हती, एक चप्पल चिरून बसली. धार कानशीनं एकाच बाजूनं लावायची आणि सपाट बाजू लॉनकडं ठेवायची, म्हणजे काप भिंतीसारखा उभा येतो.

कापायचं ते वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना. ओल्यात काळी माती पात्याला लाडवासारखी चिकटते, वाळल्यावर दगड. सरळ कडेला दोन खुंट्या आणि सुतळी. वळणाला पाण्याची रबरी नळी तासभर उन्हात टाका, मऊ पडते, मग हवी तशी वळवून ठेवा. पातं दोन-तीन इंच खाली दाबा, डावी-उजवीकडं झुलवा, उचला, पुढं सरका. मग बाहेरची पट्टी खुरप्यानं उचलून काशा हातानं ओढून काढा. त्या खतात टाकू नका, पुन्हा फुटतात. मी गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवते. पावसाळ्यात हे दर तीन आठवड्यांनी, थंडीत गवत मंदावतं तेव्हा महिना-दीड महिना गेला तरी चालतं.

एक धडा फुकट देते. दाबण्याआधी ठिबकची नळी कुठून गेलीय ते बघा. मी पहिल्याच दिवशी १६ एमएमची लॅटरल कापली, आणि कळलं ते संध्याकाळी, वाफ्यात तळं झाल्यावर. दोन-चार जॉइनर घरात असू द्या.

तुमची जागा मुरमाड असेल तर अर्धचंद्र दगडाला अडेल. पहिली चर टिकावानं मारून घ्या, पुढं पातं चालेल. मुरमाचा फायदाही आहे म्हणा. कडेला विटांची पट्टी जमिनीबरोबर बसवली तर ती हलत नाही, आणि गवत कापायच्या मशीनचं चाक तिच्यावरून फिरतं. आमच्याकडं काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम न घालता बसवलेल्या माझ्या विटा दुसऱ्याच वर्षी दातांसारख्या वरखाली झाल्या.

वरची छाटणी लांब दांड्याच्या गवत-कात्रीनं करा. द्राक्षाच्या छाटणीची कात्री वापरून बघितली मी, दहा फुटांत मनगट धरलं.

एवढं सांगून मशीनच घ्यायचं असेल तर बॅटरीचं हलकं, नायलॉन दोरीचं घ्या. पेट्रोलच्या टू-स्ट्रोकला तेल मोजून मिसळावं लागतं. माझ्या मशीनचं प्रमाण २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली. आठशे फुटांसाठी कशाला तो व्याप? लोखंडी पातं तर फरशीजवळ लावूच नका, खडे गोळीसारखे उडतात. गॉगल हवाच. आणि झाडाच्या बुंध्यापासून वीतभर लांब राहा. आमच्या माळीदादांनी कढीपत्त्याची साल दोरीनं सगळीकडून गोल सोलली, आणि झाड वाळलं.

माझ्या पात्याचा फोटो टाकला असता, पण ते आत्ता घरात नाही. भाऊजी बांधावरची हरळी तोडायला घेऊन गेलेत, दोन आठवडे झाले.