एडवर्ड ॲबी यांच्या विनोदामागे विचार कितपत आहे?

अमेरिकी लेखक एडवर्ड ॲबी यांची चटकदार वाक्ये सर्वत्र उद्धृत होतात, पण त्यांच्यापाशी सांगण्यासारखे खरोखर काही होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते होते, आणि ते विनोदातूनच सांगता येण्याजोगे होते.

पेनसिल्व्हेनियात 1927 मध्ये जन्मलेल्या ॲबींनी 1956 आणि 1957 मध्ये युटामधील आर्चेस या संरक्षित वाळवंटी निसर्गक्षेत्रात हंगामी रेंजर (रक्षक) म्हणून काम केले. त्या दिवसांवरचे त्यांचे ‘डेझर्ट सॉलिटेअर’ हे पुस्तक 1968 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पाण्यावर एक प्रकरण आहे. वाळवंटात पाण्याचा तुटवडा असतो, हे गृहीतकच ते तिथे मोडीत काढतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाणी तिथे हवे तेवढेच आहे, आणि म्हणूनच झाडाझाडांत, माणसामाणसांत मोकळे अंतर राहते. तुटवडा भासतो तो जिथे शहर असू नये तिथे शहर वसवू पाहणाऱ्यांना. वाचताना आधी हसू येते, पण कोलोरॅडो नदीचे पाणी शेकडो किलोमीटर वाहून नेऊन ॲरिझोनातील शहरे कशी वाढवली गेली, हे ठाऊक असेल तर प्रतिवाद सुचत नाही.

या उपहासाला संतापाची धार आहे. कोलोरॅडो नदीच्या ग्लेन कॅन्यन या दरीतून ते 1959 मध्ये नावेने गेले होते. 1963 मध्ये तिथे बांधलेल्या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि तीच दरी पाण्याखाली जाऊ लागली. 1981 मध्ये ‘अर्थ फर्स्ट’ या जहाल पर्यावरणवादी गटाच्या कार्यकर्त्यांनी त्या धरणाच्या भिंतीवरून सुमारे 90 मीटर लांबीची काळी प्लास्टिकची पट्टी सोडून भिंतीला तडा गेल्याचा आभास निर्माण केला, तेव्हा तिथे भाषण करायला ॲबी हजर होते. धरणाला धक्काही न लावता त्याचे हसे करण्याची ही रीत त्यांच्या लेखनाशी अगदी सुसंगत होती.

मात्र त्यांचे प्रत्येक वाक्य शहाणपणाचे मानू नये. महामार्गच कुरूप असल्याने त्यावर बिअरचे डबे फेकायला हरकत नाही, हा त्यांचा दावा मला निव्वळ आडमुठेपणा वाटतो, आणि मेक्सिकोतून येणाऱ्या स्थलांतरितांविषयी त्यांनी जे लिहिले त्यात तर तुच्छताच अधिक आहे.

सुटी वाक्ये वाचून त्यांच्याविषयी मत बनवू नका. पाण्याचे ते प्रकरण आणि राष्ट्रीय उद्यानांतील मोटारींवर त्यांनी त्याच पुस्तकात केलेला शाब्दिक हल्ला, हे दोन्ही आधी सलग वाचा.