डेलावेअरमध्ये घर बघताय? आधी जमिनीची उंची बघा

तुम्ही ऐरोलीहून विचारलंय: नवऱ्याला विल्मिंग्टनला नोकरी लागलीय, तर डेलावेअरमध्ये घर कुठे घ्यावं, आणि तिथेही आपल्यासारखं पाणी तुंबतं का? मी मूळची नौपाड्यातली, अकरा वर्षं तिकडे आहे. सध्या आईकडे आलेय आणि बाहेर धो धो लागलाय, तेव्हा सवडीने लिहिते.

राज्य केवढंसं आहे? साधारण 6,450 चौरस किलोमीटर. पालघर वेगळं व्हायच्या आधीचा आपला ठाणे जिल्हा त्याच्या दीडपट होता. आणि सपाट म्हणजे किती, तर सरासरी उंची जेमतेम 18 मीटर, अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत सर्वांत कमी. सर्वांत उंच जागा, एब्राइट ॲझिमथ, 137 मीटर. आम्ही हौसेने बघायला गेलो, तर रस्त्याकडेला एक पाटी. मुलगा विचारतो, "आई, डोंगर कुठाय?" येऊर बघितलेल्याने पेट्रोल जाळू नये.

उत्तरेचा टोकाचा भाग तेवढा खडकाळ, चढउतारांचा. विल्मिंग्टनपाशी खडक संपतो, पुढे सगळी वाळू आणि गाळ. मधे 1829 साली सुरू झालेला कालवा आहे, लोक पत्ता सांगतानाही "कालव्याच्या वर", "कालव्याच्या खाली" म्हणतात, म्हणजे उत्तरेला आणि दक्षिणेला. तुम्ही वरच बघा. पण ब्रँडीवाइन नदीचा काठ नको. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसाने ती फुगली आणि विल्मिंग्टनच्या वस्तीत पाणी शिरलं.

खाली डेलावेअर उपसागराकाठी खाजणं आहेत, पण खारफुटी नाही, तिला ती थंडी सोसत नाही. नुसतं गवत, भरतीला पाण्यात, ओहोटीला चिखलात. वास थेट आपल्या खाडीचा, गटार वजा करून! तिथल्या एका अभयारण्याचं नाव चक्क बॉम्बे हुक. मुंबईशी संबंध शून्य, मूळ डच नावाचा तो अपभ्रंश. आपल्याकडे फ्लेमिंगो, तसे तिकडे मे महिन्यात रेड नॉट पक्षी उतरतात, हॉर्सशू क्रॅब नावाच्या, घोड्याच्या नालेसारख्या कवचाच्या समुद्री जिवाची अंडी खाऊन उत्तर ध्रुवाकडे निघतात.

आता काळजीचं. तिथे समुद्र वर येतोयच, शिवाय जमीनही खचतेय. हिमयुगात उत्तरेकडे बर्फाचं प्रचंड ओझं होतं, त्याने तिकडची जमीन दबली आणि डेलावेअरकडची फुगली. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी तो फुगवटा अजून बसतोच आहे. म्हणून किनाऱ्याजवळच्या खेड्यांत पाऊस नसतानाही उधाणाला रस्त्यावर पाणी येतं.

घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेत तो सहसा 30 दिवसांनी लागू होतो, वादळाची बातमी ऐकून घेतलेला कामाचा नाही. समुद्र किती लांब हे एजंट सांगेल, तुम्ही जमीन किती उंच ते विचारा. आणि किनाऱ्याकडचं घर आवडलंच, तर पौर्णिमेच्या भरतीला एक चक्कर मारून या. गमबूट घालून.